एंजिनियरचा दिवस आणि चरित्रकार

मराठी चरित्रवाङ्मय आतां दरिद्री राहिलेलें नाहीं. संत, सेनापति, देशभक्त, नट, गवई, कवि, डॉक्टर, इतकेंच काय पण कारखानदार आणि क्रिकेटपटूही त्यांत येऊन बसले आहेत. परंतु ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं निम्म्या घरांत तरी एखादा एंजिनियर मुलगा, जांवई, अथवा अलीकडे मुलगी किंवा सून असतेच. आणि हीं माणसें सकाळपासून संध्याकाळपर्यंत करतात तरी काय, हें त्यांच्या जन्मदात्यांस धड सांगतां येत नाहीं. पगार सांगतां येतो, बदलीचें गांव सांगतां येतें, कंपनीचें नांव तर विचारण्यापूर्वींच सांगितलें जातें. वकिलाच्या घरीं अशिलांच्या हकीकती जेवतांना निघतात, डॉक्टरच्या बायकोस रोग्यांच्या तऱ्हा पाठ असतात. विजेच्या एंजिनियरची आई मात्र ‘इलेक्ट्रिकचें कांहींतरी मोठें काम पाहतो’ या वाक्यापाशीं थांबते. यांत त्या माउलीचा दोष नाहीं. खटला कसा चालतो हें तिला नाटकांनीं आणि कादंबऱ्यांनीं शिकविलें आहे. सबस्टेशनांत काय चालतें हें शिकविणारें कोणी तिला भेटलेलें नाहीं.

हा विचार पुन्हां मनांत येण्यास दोन इंग्रजी ग्रंथ कारण झाले. पहिला मायकेल पुपिन याचें आत्मचरित्र, ‘फ्रॉम इमिग्रंट टु इन्व्हेंटर’, प्रसिद्धीचें साल १९२३. दुसरा ट्रेसी किडर या लेखकाचा ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’, साल १९८१. दोहोंसही अमेरिकेंतील पुलित्झर पारितोषिक मिळालेलें आहे, पहिल्यास १९२४ सालीं व दुसऱ्यास १९८२ सालीं. पारितोषिकावरून ग्रंथाची किंमत करण्याची आमची रीत नाहीं. परंतु विजेच्या एंजिनियरविषयींचे ग्रंथ सामान्य वाचकांनींही हौसेनें वाचले, एवढी गोष्ट त्यावरून दिसते. हे दोन ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून वाचले असतां या धंद्याचें वर्णन कोठवर आलें आहे आणि कोठें अडलें आहे, तें चांगलें कळतें. शास्त्राच्या बाजूनें आम्ही कच्चे आहों हें प्रथमच कबूल केलेलें बरें. घरांतील फ्यूज बदलण्यापलीकडे आमची मजल नाहीं. तेव्हां येथें परीक्षण होईल तें वाङ्मयाचें.

पुपिन हा जातीनें सर्ब. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या दक्षिण सरहद्दीवरील बानात प्रांतांत इद्व्होर नांवाच्या खेड्यांत १८५८ सालीं तो जन्मला. बाप शेतकरी, आई निरक्षर, परंतु मुलानें शिकावें म्हणून झुरणारी. प्राग येथें शिकत असतां बाप वारला, आणि या पोरानें पुस्तकें, कपडे, घड्याळ, शेवटीं अंगावरचा मेंढीच्या कातड्याचा कोटसुद्धां विकून अमेरिकेच्या बोटीचें भाडें जमविलें. ऐन थंडीची सफर त्यानें बोटीच्या धुराड्याची ऊब घेत काढली. १८७४ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्कला उतरला तेव्हां खिशांत पांच सेंट होते. त्यांचें त्यानें आलुबुखाऱ्याचें सारण भरलेलें एक पक्वान्न घेतलें आणि खाऊन पाहतो तों आंत बियाच बिया! पुढें डेलावेअरच्या शेतावर खेचरें हांकणें, बिस्किटांच्या कारखान्यांत राबणें, तेथल्या बॉयलरच्या खोलींत जिम नांवाच्या आगवाल्यापासून वाफेच्या यंत्राचे पहिले धडे घेणें, मग कोलंबिया कॉलेज, केंब्रिज, बर्लिन, आणि १८८९ सालीं कोलंबियांतच विजेच्या एंजिनियरिंगच्या नव्या शाखेंत अध्यापकी. ही शाखा विटांच्या एका शेडमध्यें भरे; विद्यार्थी तिला गोठा म्हणत. एवढा प्रवास पुपिन इतक्या मोकळ्या मनानें सांगतो कीं टीकाकाराची लेखणी कांहीं काळ बाजूस राहते. आईच्या आठवणीचीं पानें तर आमच्याकडील कोणत्याही आत्मचरित्रास शोभतीं.

या ग्रंथाचें हृदय आम्हांस एका लहानशा प्रसंगांत सांपडलें. इद्व्होरच्या मुलांना रात्रीं गुरें राखावीं लागत, आणि अंधारांत चोरांचा सुगावा लागणें कठीण. म्हणून मुलें लांब दांड्याच्या सुऱ्या जमिनींत खोल खुपसत. एकानें आपल्या दांड्यावर ठोकावें व दूर बसलेल्या दुसऱ्यानें आपल्या दांड्यास कान लावून तें ऐकावें. गायरानाच्या घट्ट जमिनींतून हा आवाज लांबवर जाई. नांगरलेल्या भुसभुशीत रानांत तो लागलाच विरून जाई. असें कां व्हावें, हा प्रश्न त्या मुलाच्या मनांत रुतून राहिला. पुढें पंचवीसएक वर्षांनीं तोच प्रश्न त्याच्यापुढें टेलिफोनच्या रूपानें उभा राहिला, कारण टेलिफोनच्या लांब तारेंतही आवाज असाच विरतो आणि बिघडतो. १८९४ च्या उन्हाळ्यांत स्वित्झर्लंडमधील फुर्का खिंड चढत असतां लाग्रांज या गणितज्ञाचें एक जुनें उदाहरण त्याच्या डोक्यांत घोळत होतें. ताणलेल्या हलक्या दोरीवर सारख्या अंतरानें मणी बसविले तर ती कशी कांपेल? त्यावरून त्यास सुचलें कीं टेलिफोनच्या तारेंत ठराविक अंतरावर वेटोळीं घातलीं, आणि तीं अंतरें आवाजाच्या लाटेच्या मानानें पुरेशीं लहान ठेवलीं, तर बोलणें पुष्कळ दूरवर स्वच्छ जाईल. गुराख्याची सुरी, दोरीवरचे मणी आणि न्यूयॉर्कची तार हीं तिन्ही पुपिननें एका सूत्रांत ओंवलीं आहेत, आणि हें वाचतांना गणित न जाणणाऱ्या वाचकासही आपण कांहीं समजलों असें वाटतें. असला आनंद देणारा शास्त्रज्ञ लेखक विरळा.

परंतु आमची तक्रार येथूनच सुरू होते. खिंड चढली १८९४ सालीं. पेटंट मिळालें १९०० सालीं. मधल्या सहा वर्षांचें काय? किती वेटोळीं गुंडाळलीं, त्यांतलीं किती टाकून दिलीं, प्रयोगशाळेंतल्या खोट्या तारेवर आवाज नीट जात नव्हता तेव्हां दोष कशांत शोधला, संध्याकाळीं घरीं जातांना डोक्यांत काय होतें, याचें वर्णन ग्रंथकर्ता अगदींच हात राखून करतो. डोंगरावरची सकाळ त्यानें रंगविली. खालच्या खोलींतल्या सहा वर्षांवर पडदा राहिला. शिवाय या कथेंत आणखी माणसें आहेत. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज पंडितानें याचें मूळ तत्त्व १८८७ सालींच मांडलें होतें. आणि अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या नोकरींत असलेला जॉर्ज कॅम्बेल हा एंजिनियर याच सुमारास, स्वतंत्रपणें, त्याच वेटोळ्यांचा हिशेब करीत होता. पेटंटचा निकाल पुपिनच्या बाजूनें लागला. कंपनीनें त्याचे हक्क विकत घेतले, आणि तो श्रीमंत झाला. कॅम्बेल पगारावर राहिला. न्यायान्यायाच्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. परंतु ज्यास आपण विजेचा एंजिनियर म्हणतों, जो कचेरींत जातो, वरिष्ठांस टिपण देतो, तारेच्या कोणत्या मैलावर काय बसवावें याचा खर्चासह आंकडा काढतो, तो माणूस या गोष्टींत पुपिन नसून कॅम्बेल आहे. आणि त्याच्यासाठीं वाचकास दुसरीं पुस्तकें धुंडाळावीं लागतात. पुपिननें आपल्या ग्रंथाला नांव बरोबर दिलें आहे. एंजिनियरच्या आयुष्याचें पुस्तक देतों असें तो म्हणालाच नव्हता.

उत्तरार्धाविषयीं फार लिहीत नाहीं. तेथें अमेरिकन शास्त्रांतील ध्येयवादावर व्याख्यान सुरू होतें, आणि गुराख्याचा पोर सभापति होऊन बसतो. पुपिनचाच जातभाई जो निकोला टेस्ला, त्याच्या १९१९ सालीं मासिकांतून क्रमशः आलेल्या आठवणींतही असाच प्रकार आहे. बुडापेस्टच्या बागेंत सूर्यास्ताच्या वेळीं ग्योटेच्या ओळी म्हणतां म्हणतां त्यास फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना सुचली, आणि काठीनें वाळूंत त्यानें आकृति काढली. चित्र मोहक आहे. पण त्या आकृतीची मोटर होऊन ती गिरणींत फिरूं लागेपर्यंत ज्यांनीं बोटें भाजून घेतलीं, ते कोणत्या बागेंत होते?

किडरचा ग्रंथ याच्या अगदीं उलट बाजूनें आलेला आहे. किडर स्वतः एंजिनियर नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो येथें डेटा जनरल नांवाची संगणक बनविणारी कंपनी होती. तिच्या तळघरांत कांहीं मंडळी एक नवें यंत्र तयार करीत होती. किडर त्यांच्यांत महिनेच्या महिने जाऊन बसला. कंपनीची मानाची योजना दुसऱ्याच गटाकडे, दूर नॉर्थ कॅरोलिनांत गेलेली. मागें राहिलेल्या या गटानें टॉम वेस्ट या पुढाऱ्याच्या हाताखालीं, जणूं जोड म्हणून, आपलें यंत्र उभें केलें. १९८० सालीं तें बाजारांत आलें. गोष्ट एवढीच. खून नाहीं, प्रेमप्रकरण नाहीं, राज्यक्रांति नाहीं. तरीही ग्रंथ हातांतून सुटत नाहीं.

याचें कारण किडरनें कामाकडे पाहिलें. एक प्रसंग सांगतों. प्रतिस्पर्धी कंपनीचें यंत्र कसें आहे हें पाहण्यासाठीं वेस्ट दुसऱ्या एका शहरीं जातो, ओळखीनें त्या यंत्राच्या खोलींत शिरतो, त्याच्या पाट्या एकेक बाहेर काढून भाग मोजतो. मोजतां मोजतां त्यास वाटूं लागतें कीं त्या जुळणीच्या गुंतागुंतींत त्या कंपनीच्या कारभाराचीच आकृति उमटलेली आहे; सावध, अनेक टेबलांवरून फिरून आलेली. यंत्र उघडून त्यांत माणसांचा स्वभाव वाचणें ही दृष्टि कादंबरीकाराची खरी, पण ती येथें एंजिनियरची आहे, आणि किडरनें ती ओळखली हें त्याचें यश. दुसरा प्रसंग एका प्रकरणाचा. दोन तरुणांना यंत्रांतला एक दोष सांपडत नाहीं. परीक्षेचा प्रोग्रॅम पुष्कळ वेळ बिनचूक चालतो आणि मग केव्हां तरी कोलमडतो. ते पडद्यावरच्या रेघा पाहतात, तर्क करतात, तर्क चुकतो, पुन्हां पहिल्यापासून. अखेर दोष निघतो तो एवढासा. नँड गेट नांवाचा एक क्षुल्लक घटक घालून त्याचें निवारण होतें. पंधरावीस पानें किडर आपणांस त्या टेबलापाशीं बसवून ठेवतो, आणि दोष सांपडल्यावर आपणच श्वास सोडतों. आमच्या मतें एंजिनियरच्या रोजच्या कामाचें इतकें खरें वर्णन दुसरें आम्हीं वाचलेलें नाहीं. ज्या आईविषयीं आम्हीं आरंभीं लिहिलें, तिला हें एकच प्रकरण वाचून दाखवावें. विजेचें ज्ञान तिला लागणार नाहीं. हरवलेली किल्ली शोधण्याचा अनुभव पुरेल.

तथापि किडरलाही मोह आवरलेले नाहींत. ग्रंथाचा आरंभ वादळांत सांपडलेल्या शिडाच्या होडीवर होतो, आणि वेस्ट तेथें निद्रा जिंकलेला वीर म्हणून उभा राहतो. पुढें सबंध तळघरावर त्या होडीची सावली पडते. कॉलेजांतून नुकतीं निघालेलीं पोरें रात्र रात्र जागतात, जादा कामाचा पैसा मिळत नाहीं, वरचे लोक त्यांस मुद्दाम अंधारांत ठेवतात. हें सर्व किडर पाहतो, नमूद करतो, पण त्याचा आवाज पोवाड्याचाच राहतो. सेकंदाच्या अब्जांशांशीं झगडून कंटाळलेला एक तरुण एके दिवशीं काम सोडून शेतीच्या गांवीं, ऋतूंच्या हिशेबानें जगावयास निघून जातो. हा प्रसंग किडर सांगतो आणि चटकन् पुढें जातो. आम्हीं तेथें थांबलों. त्या पोरानें तळघराविषयीं जें मत दिलें, तें ग्रंथकर्त्याच्या मताहून निराळें होतें, आणि तें विचारून घेण्याजोगें होतें. घरांचेंही तसेंच. बायका, मुलें, आईबाप या ग्रंथांत दारापर्यंतच येतात. रात्रीं दोन वाजतां येणाऱ्या माणसाची वाट कोणी तरी पाहत असेलच कीं नाहीं?

दोन्ही ग्रंथांची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती लेखकांच्या दोषामुळें आलेली नाहीं. दोहोंसही शेवट मिळाला. पुपिनला पेटंट मिळालें, वेस्टच्या मंडळींचें यंत्र दाराबाहेर पडलें. गोष्टीस शेवट लागतो, आणि त्यांच्या कामानें तो आयता पुरविला. परंतु विजेच्या एंजिनियरांपैकीं फार मोठ्या वर्गाच्या कामास असा शेवटच नसतो. वीज निर्माण करणें, ती दूर नेणें, घरोघर पोंचविणें या कामांत जें काल केलें तेंच आज करावयाचें असतें, आणि तें चांगलें झालें याची खूण एवढीच कीं कांहीं झालें नाहीं. खोपोलीचें टाटांचें जलविद्युत्-केंद्र १९१५ सालीं सुरू झालें तेव्हांपासून आपल्या प्रांतांत हा धंदा आहे. शंभरांहून अधिक वर्षांत या धंद्यांतल्या माणसांनीं किती रात्री जागविल्या असतील! कोणीही तारेस हात लावण्यापूर्वीं ती बंद केल्याचा परवाना घ्यावयाचा, तार जमिनीशीं जोडावयाची, मग शिडी; पावसाळ्यापूर्वीं झाडांच्या फांद्या, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची परीक्षा, रिलेची जुळणी; तासातासाला वहींत आंकडे. वीज जातांच शिव्या देण्यापुरती या माणसांची आपणांस आठवण होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, तेव्हां ती सर्वांस एकदम झाली.

आमचे एंजिनियर लिहीत नाहींत असें नाहीं. ते अहवाल लिहितात. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकलेले आणि मुंबई इलाख्यांत नोकरी केलेले सर विश्वेश्वरय्या यांनीं १९५१ सालीं आपल्या कामाच्या आयुष्याच्या आठवणी इंग्रजींत प्रसिद्ध केल्या. ते धरणांचे एंजिनियर, विजेचे नव्हत. पण ग्रंथाच्या नांवांतच ‘काम’ हा शब्द घालणारा हा आमच्याकडील थोर पुरुष. त्यांतही योजना, समित्या, शिफारसी यांची गर्दी आहे, आणि आठवणी सांगणारे गृहस्थ मात्र खुर्चींत ताठ बसून आहेत. हा संयम पूज्य खरा. पण वाचक उपाशी राहतो.

आतां तो तिसरा मजकूर, ज्यास ग्रंथ म्हणतां येणार नाहीं. ५ एप्रिल २०२० रोजीं रात्रीं नऊ वाजतां देशांतील लोकांनीं नऊ मिनिटें घरांतले दिवे मालवून पणत्या लावल्या, हें वाचकांस आठवत असेल. साथीचे दिवस होते. त्या रात्रीचा अहवाल, देशाच्या विद्युत्-जाळ्याचें नियंत्रण करणाऱ्या व तेव्हां ‘पोसोको’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें तयार केला. तो आम्हीं नवलानें वाचला. वीज पोत्यांत भरून ठेवतां येत नाहीं. ज्या क्षणीं जितकी खपते त्या क्षणीं जवळजवळ तितकीच निर्माण व्हावी लागते. खप एकदम कमी झाला तर जनित्रें वेग घेतात, सेकंदाला पन्नास आवर्तनांचा ठोका चढूं लागतो, आणि फार चढला तर यंत्रें स्वतःस वांचविण्यासाठीं एकामागून एक सुटूं लागतात. एरवीं दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून प्रत्येक भागाचा हिशेब आगाऊ मांडलेला असतो. या रात्रीचा हिशेब मांडावयास मध्यें अवघे दोन दिवस होते, आणि मागचा दाखला नव्हता. खप १२ ते १४ हजार मेगावॅटनीं उतरेल असा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षांत तो ३१,००० मेगावॅटांहून अधिक उतरला. कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून शक्ति सुमारें १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे जवळजवळ सोळा कोयना पंचवीस मिनिटांच्या आंत नकोशा झाल्या, आणि थोड्याच वेळानें पुन्हां हव्या झाल्या. पाण्यावर चालणारीं जनित्रें लवकर आवरतां व लवकर चढवितां येतात, म्हणून तीं आधींपासून भरास आणून ठेवलीं होतीं. तीं २५,५०० च्या आसपास होतीं तीं ८,००० पर्यंत उतरविलीं व परत चढविलीं. ठोका ४९.७० व ५०.२६ यांच्या दरम्यान राहिला. जाळें तुटलें नाहीं. आपण पणत्या विझवून दिवे लावले, आणि दिवे लागले.

वाङ्मय म्हणून या अहवालाची किंमत काय करावी? वाक्यें सर्व कर्मणि प्रयोगाचीं. सूचना देण्यात आल्या, उत्पादन कमी करण्यात आलें, पुरवठा सुरळीत ठेवण्यात आला. कोणी दिल्या, कोणाच्या हातून कमी झालें, अंदाज दुपटीहून अधिक चुकत आहे हें पडद्यावर दिसूं लागलें त्या क्षणीं खोलींत कोण काय बोललें, याचा पत्ता नाहीं. अहवालास तो ठेवावयाचा नसतो, हें आम्हांस मान्य आहे. पण किडर त्या खोलींत बसलेला असता तर? पुपिनला जशी डोंगरावरची एक सकाळ पुरली, तशी त्याला ही नऊ मिनिटें पुरलीं असतीं. आणि येथें होडीच्या वादळाची उपमा उसनी आणण्याचीही गरज पडली नसती.

आमच्याकडे ललित लेखकांना अशा खोलींत जाण्याची संवय नाहीं, आणि एंजिनियरांना आपलें काम सांगण्याजोगें आहे असें वाटत नाहीं. ‘त्यांत काय सांगायचें, रोजचेंच आहे’ हें उत्तर आम्हीं कित्येकदां ऐकलें आहे. नम्रतेचें हें उत्तर वाङ्मयाच्या मुळावर आलें आहे. लेखकांनीं वाट पाहूं नये. या मंडळींस रजेच्या दिवशीं गांठावें, वहींतले आंकडे वाचावयास लावावे, आणि कोणत्या आंकड्यापाशीं आवाज बदलतो तेवढें ऐकावें.

अहवालांत त्या रात्रीच्या मागणीचा आलेख आहे. नवाच्या आधींच रेषा उतरूं लागते, नवानंतर दहाएक मिनिटांनीं तळाशीं जाते, आणि मग चढते. ज्या घरांतून दिवे मालवले गेले त्यांपैकीं कांहीं घरांचीं पोरें त्या वेळीं दिल्लीस किंवा कळव्याच्या बाजूस त्या रेषेकडे पाहत बसलेलीं होतीं. सकाळीं पाळी संपवून घरीं आल्यावर त्यांतल्या एखाद्यास आईनें विचारलेंही असेल, “तुम्हीं तिकडे पणत्या लावल्यात का रे?” त्यानें काय उत्तर दिलें, तें आम्हांस वाचावयाचें आहे.